औषधास न जुमानणारा जंत

एखाद्या रोगावर औषध सांपडलें कीं त्या रोगाचा प्रश्न सुटला, असें आपण सहज समजून चालतों. औषध शोधून काढणें हेंच काय तें कठीण काम. एकदां तें बाटलींत भरून बाजारांत आलें म्हणजे पुढें तें वेळेवर घेणें किंवा देणें एवढेंच उरतें, अशी आपली कल्पना असते. परंतु गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांचा औषधशास्त्राचा इतिहास पाहिला तर निराळीच हकीकत दिसून येते. पुष्कळ वर्षें खपून शोधलेलें औषध थोड्याच वर्षांत निष्प्रभ व्हावें, असा अनुभव वारंवार आलेला आहे. माणसाच्या रोगांतही तो येतोच. पण ज्यांत त्याचीं कारणें हातावरील रेषांसारखीं स्पष्ट वाचतां येतात, असें उदाहरण पाहावयाचें झाल्यास मेंढरांच्या कळपाकडे वळलें पाहिजे.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं मेंढरें नसणार. तथापि माळावरच्या ज्या कुटुंबाची सारी मालमत्ता म्हणजे त्याचा कळप, त्याच्या दृष्टीनें हा प्रश्न पोटापाण्याचा आहे. शिवाय जो नियम मेंढीच्या पोटांतील जंतास लागू पडतो, त्याच नियमाची एक शाखा आपल्या घरांतील औषधाच्या कपाटापर्यंत येऊन पोंचते. म्हणून हा विषय थोड्या विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शत्रूची ओळख

मेंढ्याबकऱ्यांच्या पोटांत अनेक जातींचे जंत असतात. उष्ण आणि ओलसर हवेच्या प्रदेशांत त्यांपैकीं सर्वांत घातक ठरलेला जंत म्हणजे 'हीमाँकस काँटॉर्टस'. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे असतात. हा जंत चौथ्या कप्प्याच्या अस्तराला चिकटून तेथें रक्त पितो. मादी सुमारें इंचभर लांब असते. तिचें रक्तानें भरलेलें तांबडें आंतडें आणि त्याच्याभोंवतीं पीळ घालून राहिलेली पांढरी अंडाशयाची नळी, यांमुळें ती दोरंगी दोऱ्याच्या पिळासारखी दिसते. इंग्रजांना ती आपल्याकडील न्हाव्याच्या दुकानापुढें उभ्या केलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या खांबासारखी वाटली, आणि त्यांनीं तिला तेंच नांव दिलें.

एक जंत दिवसाकांठीं सुमारें ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब, रक्त पितो. हिशेब क्षुल्लक वाटतो. परंतु एका मेंढीच्या पोटांत असे पांच हजार जंत असले, तर रोज पावशेराच्या आसपास रक्त जातें. तीस किलो वजनाच्या मेंढीच्या अंगांत सारें मिळून रक्त दोन लिटरच्या सुमारास असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या नुकसानीची भयंकरता कळते. मेंढी फिकी पडते, कळपाच्या मागें रेंगाळूं लागते, जबड्याखालीं पाणी सांठून पिशवी लोंबावी तशी सूज येते, आणि एके दिवशीं सकाळीं ती उठत नाहीं. कोंकरें तर कित्येकदां कांहीं लक्षण दिसण्यापूर्वींच दगावतात.

जंताची मादी दिवसाला पांच ते दहा हजार अंडीं घालते. तीं लेंड्यांबरोबर कुरणावर पडतात. हवा उबदार आणि जमीन ओली असली कीं आठवड्याभरांत त्यांतून निघालेली अळी गवताच्या पात्यावर चढण्याजोगी होते. मेंढीनें तें पातें खाल्लें कीं अळी पोटांत गेली. तेथून सुमारें तीन आठवड्यांनीं तीही अंडीं घालूं लागते. एका पावसाळ्यांत या जंताच्या दोन-तीन पिढ्या सहज होऊन जातात. ही घाई आणि ही संख्या पुढील सर्व हकीकतीच्या मुळाशीं आहे.

हरलेल्या औषधांची मालिका

१९४० च्या सुमारास 'फेनोथायाझीन' हें जंतावरील औषध प्रचारांत आलें, तेव्हां मेंढपाळांना मोठा दिलासा वाटला. परंतु १९५७ सालीं अमेरिकेंतील केंटकी संस्थानांतून बातमी आली कीं, तेथील मेंढ्यांतील जंत या औषधास दाद देत नाहींत. १९६१ सालीं 'थायाबेंडाझोल' आलें. मात्रा थोडी, धोका कमी आणि गुण मोठा, असें तें औषध होतें. १९६४ सालीं, म्हणजे अवघ्या तीन वर्षांत, त्यालाही न जुमानणाऱ्या जंतांची नोंद झाली. पुढें 'लेव्हॅमिसोल' आलें. १९७० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रेलियांत त्याचीही तीच गत झाली. आपणही यांतून सुटलों नाहीं. फेनोथायाझीन आणि थायाबेंडाझोल या दोहोंना दाद न देणाऱ्या जंतांची भारतांतील मेंढ्यांतली नोंद १९७६ सालीं प्रसिद्ध झालेली आहे.

यानंतर आलेल्या 'आयव्हरमेक्टिन'ची कथा तर विशेष प्रसिद्ध आहे. जपानांतील सातोशी ओमुरा यांनीं मातीच्या नमुन्यांतून वेगळ्या केलेल्या एका सूक्ष्म जीवापासून हें औषध निघालें, आणि अमेरिकेंतील मर्क कंपनींत विल्यम कँबेल यांनीं त्याचा जंतनाशक गुण सिद्ध केला. १९८१ सालीं तें जनावरांसाठीं बाजारांत आलें. पुढें आफ्रिकेंतील लक्षावधि लोकांस अंध करणाऱ्या एका कृमिरोगावरही तें गुणकारी ठरलें, आणि २०१५ सालीं या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. पण मेंढीच्या जंतानें इतकी वाट पाहिली नव्हती. दक्षिण आफ्रिकेंतून १९८७ सालींच आयव्हरमेक्टिन हरल्याची वार्ता आली होती. त्या देशांत कित्येक शेतांवर एकही औषध चालेना, आणि मालकांना मेंढ्या पाळणेंच सोडून द्यावें लागलें. २००९ सालीं न्यूझीलंडमध्यें 'मोनेपँटेल' हें अगदीं नव्या कुळांतील औषध विक्रीस आलें; २०१३ सालीं त्याच देशांत तें निष्फळ ठरल्याची पहिली नोंद झाली.

ही मालिका वाचून कोणासही असें वाटेल कीं, शास्त्रज्ञांनीं औषध काढावें आणि जंतानें तें पचवावें, ही शर्यत कधीं संपणारच नाहीं. परंतु दोष केवळ औषधाचा नव्हता. तें ज्या पद्धतीनें वापरलें गेलें, त्या पद्धतींत तो मुख्यतः होता.

संवय नव्हे, निवड

'जंतास औषधाची संवय होते' असें लोक बोलतात. अफू खाणाऱ्यास अफूची संवय होते तसें कांहीं तरी यांत घडत असावें, अशी समजूत या बोलण्यामागें असते. ती बरोबर नाहीं. औषधानें जो जंत मरावयाचा तो मरतोच. तो कांहीं शिकत नाहीं. परंतु लाखों जंतांत, औषध येण्यापूर्वींपासूनच, एखाद-दुसरा जन्मतः निराळ्या घडणीचा असतो. थायाबेंडाझोलच्या कुळांतील औषधें जंताच्या पेशींतील एका प्रथिनाला चिकटून आपलें काम करतात. या प्रथिनाच्या लांब सांखळींतील दोनशेव्या क्रमांकाचा एकच दुवा बदललेला असला, तर औषध तेथें चिकटत नाहीं आणि जंत सुखरूप राहतो, हें १९९० नंतरच्या संशोधनांत उघड झालें.

म्हणजे औषध ही एक चाळण आहे. प्रत्येक वेळीं तींतून सामान्य जंत गळून जातात आणि हे निराळे जंत वर राहतात. त्यांना आतां प्रतिस्पर्धी उरत नाहीं. कुरणावर पडणारीं अंडीं त्यांचींच असतात. दर महिन्यास साऱ्या कळपाला तेंच औषध पाजीत राहिलें, तर पांच-दहा वर्षांत कुरणावर दुसऱ्या जातकुळीचा जंतच शिल्लक राहत नाहीं. यावरून एक गोष्ट निघते. औषध लागू पडत नाहीं म्हणून तेंच औषध पुन्हां पुन्हां पाजणें म्हणजे तीच चाळण पुन्हां पुन्हां हालविणें होय.

येथें थोडा अपवाद सांगितला पाहिजे. जंत पूर्णपणें निर्ढावलेले नसतील, तर कांहीं औषधांचा जंताशीं असलेला संबंध अधिक काळ टिकविल्यानें गुण वाढतो. त्यासाठीं मेंढीला आदल्या रात्रीं उपाशी ठेवून औषध पाजतात. पोट संथ चालल्यामुळें औषध आंत जास्त वेळ राहतें. थायाबेंडाझोलच्या कुळांतील औषधांची मात्रा बारा तासांच्या अंतरानें पुन्हां दिली असतां असाच लाभ होतो. बकरीचें शरीर औषध लवकर बाहेर टाकतें. म्हणून मेंढीची मात्रा बकरीस अपुरी पडते. कित्येक देशांत बकऱ्यांना वर्षानुवर्षें मेंढीचीच मात्रा दिली गेली, आणि निर्ढावलेले जंत प्रथम बकऱ्यांत तयार होऊन मग मेंढ्यांत पसरले. परंतु अशक्त किंवा गाभण जनावरास उपाशी ठेवणें धोक्याचें असतें, आणि कांहीं औषधांची मात्रा वाढविल्यास विषबाधा होते. तेव्हां हे उपाय पशुवैद्याच्या देखरेखीखालींच करावयाचे असतात.

जोडीचें गणित

एका औषधानें काम भागत नसेल तर दोन औषधें एकदम द्यावीं, हा विचार वाटतो तितका नवा नाहीं. १९०७ च्या सुमारास जर्मनींत फ्रँकफुर्ट येथें पॉल एर्लिख हे उंदरांच्या रक्तांतील 'ट्रिपॅनोसोम' या परोपजीवी सूक्ष्म जंतूंवर प्रयोग करीत होते. त्यांना असें दिसलें कीं, एका रंगद्रव्यास न जुमानणारे जंतू सोमलाच्या औषधानें मरतात, आणि सोमलास न जुमानणारे त्या रंगद्रव्यानें मरतात. प्रत्येक औषधाचें जंतूच्या शरीरांतील मर्मस्थान निराळें असतें. तेव्हां निराळ्या मर्मांवर एकाच वेळीं प्रहार करावा, असा निष्कर्ष त्यांनीं काढला.

यामागील गणित सोपें आहे. एका कळपांत मिळून दहा लाख जंत आहेत असें धरूं. पहिल्या औषधास न जुमानणारा जंत हजारांत एक आहे. दुसऱ्या औषधास न जुमानणाराही हजारांत एकच, पण तो निराळा. नुसतें पहिलें औषध दिलें तर एक हजार जंत वांचतात. नुसतें दुसरें दिलें तरीही तितकेच. पण दोन्ही एकदम दिलीं, तर ज्याच्या अंगीं दोन्ही गुण एकत्र आले आहेत तोच वांचणार. आणि असा जंत हजाराच्या हजारांत एक, म्हणजे दहा लाखांत एकच असतो.

आतां दुसरी परिस्थिति पाहूं. पहिलें औषध वर्षानुवर्षें एकटेंच वापरून निम्मे जंत निर्ढावले, आणि मग धांवपळ करून त्याच्या जोडीला दुसरें आणलें. दहा लाखांतील पांच लाख जंतांवर पहिलें औषध व्यर्थ आहे. त्यांना मारण्याचा सारा भार दुसऱ्यावर पडतो, आणि पांचशें जंत वांचतात. ते पांचशेंही असे कीं, ज्यांच्यावर आतां दोन्ही औषधें चालावयाचीं नाहींत. एक बैल लंगडा झाल्यावर त्याच्या जोडीला दुसरा जुंपला, तर गाडी नवा बैलच ओढतो आणि तोही लवकरच बसतो. जोडी जुंपावयाची ती दोन्ही बैल धडधाकट असतांना. औषधें एक वर्ष हें, दुसऱ्या वर्षीं तें, अशीं आळीपाळीनें देण्याची पद्धत पुष्कळ वर्षें शिफारसली जात असे. पण औषधें गुणकारी असतांना एकत्र दिल्यानेंच तीं अधिक काळ टिकतात, असा अलीकडील अभ्यासकांचा कल आहे.

मात्र जोडी खरी असली पाहिजे. आल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल हीं बाटलीवरचीं नांवें निराळीं असलीं, तरी तीं एकाच घरचीं भावंडें आहेत. एकास न जुमानणारा जंत बहुधा दुसऱ्यासही जुमानीत नाहीं. आयव्हरमेक्टिन आणि डोरामेक्टिन यांचेंही नातें तसेंच. दुकानदारानें वेगळ्या छापाची बाटली दिली म्हणजे औषध बदललें असें नव्हे. तसेंच घरच्या घरीं दोन बाटल्या एकत्र ओतून मिश्रण करणें हें निव्वळ साहस होय. शिवाय औषध दिल्यावर ठरलेले दिवस त्या जनावराचें दूध किंवा मांस वापरावयाचें नसतें, हेंही विसरूं नये.

कांहीं जंत राखावे लागतात

आतां या विषयांतील सर्वांत विलक्षण भाग येतो. औषध फक्त मेंढीच्या पोटांतील जंतांपर्यंत पोंचतें. कुरणावरील अंडीं आणि अळ्या त्याच्या आटोक्याबाहेर असतात. या बाहेर राहिलेल्या, औषधाची चाळण न लागलेल्या जंतांची पिढी हीच मेंढपाळाची खरी गंगाजळी आहे, असें सांगितलें तर प्रथम कोणाचा विश्वास बसणार नाहीं. पण कारण उघड आहे. औषधांतून वांचलेल्या मूठभर जंतांची संतति कुरणावरील असंख्य सामान्य जंतांत मिसळून जाते, दुधांत पाण्याचा थेंब पडावा तशी; आणि पुढील वेळीं औषध पुन्हां गुण देतें. कुरण जंतरहित असेल, तर मात्र वांचलेल्यांचेंच राज्य तेथें सुरू होतें.

पूर्वीं मेंढपाळांस असा उपदेश केला जाई कीं, साऱ्या कळपाला औषध पाजावें आणि लगेच स्वच्छ कुरणावर न्यावें. हा उपदेश कानाला गोड लागतो, पण त्यानें नव्या कुरणावर निर्ढावलेल्या जंतांचीच पेरणी होते. पश्चिम ऑस्ट्रेलियांत उन्हाळ्यांत, जेव्हां कडक उन्हानें कुरणावरील अळ्या जळून गेलेल्या असतात, तेव्हां सर्व मेंढ्यांना औषध देण्याची पद्धत होती. तेथें न जुमानणाऱ्या जंतांचा प्रश्न विशेष बळावला. उलट न्यूझीलंडमध्यें ज्या शेतांवर जोडऔषधें वापरलीं आणि त्याबरोबरच औषध न दिलेलीं जनावरें मुद्दाम राखलीं, त्यांतील कांहीं ठिकाणीं जंत पुन्हां औषधास दाद देऊं लागल्याचें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिसून आलें. जोडीचें सामर्थ्य या राखीव जंतांवर उभें आहे; त्यांच्यावांचून जोडी फक्त थोडी उशिरा हरते.

मग औषध द्यावें कोणास? कळपांतील सर्व जनावरांत जंत सारखे नसतात. थोड्या मेंढ्यांत बहुतेक जंत असतात. हें जाणून दक्षिण आफ्रिकेंतील पशुवैद्यांनीं १९९० नंतर एक सुटसुटीत तक्ता तयार केला. त्याचें नांव 'फॅमाचा'. हें नांव तो सुचविणाऱ्या फाफा मलान यांच्या नांवावरून पडलें. या तक्त्यावर गडद तांबड्यापासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत पांच रंग छापलेले असतात. उजेडांत मेंढीची खालची पापणी उलटून आंतील रंग तक्त्याशीं ताडून पाहावयाचा. रंग तांबडा असेल तर तिला तशीच सोडावयाची आणि फिका असेल तर औषध द्यावयाचें. पावसाळ्यांत दर आठ-पंधरा दिवसांनीं ही पाहणी करतात. बहुतेक मेंढ्यांना साऱ्या हंगामांत औषध लागत नाहीं किंवा एकदांच लागतें, असें आढळलें. हा तक्ता रक्त पिणाऱ्या जंतापुरताच उपयोगी आहे; पण ज्या मेंढपाळाजवळ सूक्ष्मदर्शक यंत्र नाहीं त्याच्या हातीं त्यानें मोठें साधन दिलें.

औषध अजून गुणकारी आहे कीं नाहीं, हें ताडण्याचीही रीत आहे. औषधापूर्वीं आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनीं लेंड्यांतील अंडीं मोजावयाचीं. संख्या शेंकडा पंचाण्णवनें तरी घटली नाहीं, तर औषधाविषयीं शंका घ्यावी. चालत नसलेल्या औषधावर पैसे आणि मेंढ्या दोन्ही घालविण्यापेक्षां ही तपासणी फार स्वस्त पडते.

आपल्या महाराष्ट्रांत

आपल्याकडील धनगर कुटुंबें कळप घेऊन वर्षभर फिरत असतात. दिवाळीनंतर त्यांतील कित्येक घाट उतरून कोंकणांत जातात. भाताचीं शेतें मोकळीं झालेलीं असतात, आणि शेतकरी खतासाठीं आपल्या शेतांत मेंढरें बसवून घेतो. पावसाळ्यापूर्वीं कळप पुन्हां देशावर परततो. सतत पुढें सरकणारा कळप मागें टाकलेलीं अंडीं पिकण्यापूर्वींच दुसऱ्या रानांत गेलेला असतो. जंताचें शास्त्र जाणून ही चाल कोणी आखली नसेल. पण तिचा उपयोग त्या कामींही होतो. जेथें रानें आणि वाटा आंखूड होत जातात, तेथें कळप एकाच माळावर अडकतो आणि बाटलीवर भिस्त ठेवावी लागते.

दुसरा मार्ग मेंढीच्या वंशांतच शोधण्याचा आहे. फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बंगालच्या सुंदरबनांतील 'गारोल' जातीच्या लहानखुऱ्या मेंढ्या आणून त्यांचा आपल्या दख्खनी मेंढ्यांशीं संकर केला. जुळीं देण्याच्या गुणासाठीं गारोल प्रसिद्ध आहे. पण दलदलीच्या मुलखांत वाढलेली ही जात जंतासही दख्खनी मेंढीपेक्षां चांगली तोंड देते, असें तेथील पाहणींत आढळलें. या कामीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांचें सहकार्य होतें. ऑस्ट्रेलियांत २०१४ सालीं या जंतावर एक लसही विक्रीस आली. ती दर कांहीं आठवड्यांनीं पुन्हां टोंचावी लागते, तरी औषधावरील भार तिनें हलका होतो.

आमच्या घरीं याचा अर्थ

माणसाच्या रोगांतही जोडीचें तत्त्व कधींच रुजलें आहे. क्षयावर एकाच वेळीं अनेक औषधें देतात. कुष्ठरोगावर जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं बहुऔषधी उपचाराची शिफारस केली. पण येथें एक भेद कटाक्षानें ध्यानांत ठेवावा. कांहीं जंत राखण्याचा नियम कळपाच्या कुरणाचा आहे, घरच्या रोग्याचा नव्हे. क्षयाच्या रोग्यानें बरें वाटूं लागलें म्हणून औषध मध्येंच सोडलें, तर त्याच्याच शरीरांत निर्ढावलेले जंतू शिल्लक राहतात. त्यानें वैद्यानें सांगितलेला काळ पुरा केलाच पाहिजे. दोहोंतील समान तत्त्व एवढेंच कीं, औषध गरजेवांचून देऊं नये आणि दिलें तर अर्धवट देऊं नये.

एकत्र कुटुंबांत सामाईक कोठारांतील धान्य कोणी एकट्यानें उधळूं लागला, तर त्याला आवरणारें वडील माणूस असतें. औषधाचा गुण हाही असाच सामाईक कोठारांतील सांठा आहे. एका कळपांत तो वायां गेला कीं निर्ढावलेला जंत विकलेल्या मेंढीबरोबर, भाड्याच्या कुरणावरून, बाजाराच्या वाटेनें शेजारच्या कळपांत शिरतो. मेंढपाळास हें समजावून सांगणारा पशुवैद्य, लेंड्या तपासणारी जवळची प्रयोगशाळा आणि रंगाचा एक छापील तक्ता, एवढीं साधनें गांवोगांवीं पोंचलीं, तर आज हातीं असलेल्या औषधांचें आयुष्य पुष्कळ वाढेल. नवें औषध कधीं येईल हें आपल्या स्वाधीन नाहीं. असलेलें औषध पुढच्या पिढीच्या मेंढपाळापर्यंत पोंचविणें मात्र बऱ्याच अंशीं आहे.